साधनांची वानवा आणि खेळाडूंची निवड

रायपूर शहराच्या शंकर नगर भागात बी. टी. आय. मैदान या नावाने ओळखले जाणारे एक मोकळे पटांगण आहे. शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवरून त्यास हे नाव पडले. तेथे प्रदर्शने भरतात, मेळे भरतात. आपल्याकडील लहानमोठ्या शहरांतील बहुतेक मैदानांचे जीवन असेच असते. मैदान सर्वांच्या मालकीचे असल्यामुळे खेळाडूच्या वाट्याला ते उरलेल्या दिवसांपुरतेच येते. मंडपाचे खांब उपटले की खड्डे राहतात. ते बुजेपर्यंत पुढच्या मेळ्याची तारीख येऊन ठेपते, आणि पहाटे धावावयास आलेला मुलगा पाय कोठे टाकावा हे पाहत धावतो.

त्याच रायपुरात 2015 च्या अखेरीस जागतिक हॉकी लीगची अंतिम स्पर्धा झाली. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर, कृत्रिम हिरवळीवर, भारताने नेदरलंड्सला नमवून कांस्यपदक मिळविले. नवा रायपूरमध्ये शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे भव्य क्रिकेट मैदान आहे. तेव्हा शहरात साधने नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रेक्षकांसाठी बांधलेले मैदान आणि रोजच्या सरावाचे मैदान या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिल्याचे उद्घाटन होते. दुसऱ्यावर पाणी मारावे लागते, गवत काढावे लागते, चुन्याच्या रेघा पुनःपुन्हा आखाव्या लागतात. 1964 मध्ये स्थापन झालेल्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या परिसरातील असो वा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याचे असो, सामान्य महाविद्यालयाला दुसऱ्या प्रकारच्या मैदानाची गरज असते, आणि नेमके तेच त्याच्यापाशी नसते.

मग अशा महाविद्यालयाने खेळाडू आणावयाचा कोठून? मैदान नाही, व्यायामशाळेतील वजने गंजलेली, धावपट्टी म्हणजे फुटबॉलच्या मैदानाभोवतीची पायवाट. चांगला खेळाडू हे पाहून आल्या पावली परत जाईल, ही क्रीडा शिक्षकांची तक्रार जुनी आहे आणि ती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत तर विद्यापीठे होतकरू खेळाडूला मुद्दाम पाहुणा म्हणून बोलावतात व आपले स्टेडियम, आपली व्यायामशाळा, फार काय, कपडे बदलण्याच्या खोल्याही त्याला अभिमानाने दाखवितात. आपल्याकडे प्रकार साधा आहे. खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या प्रवेशाच्या जागा, फीमध्ये सवलत, वसतिगृहातील एक खाट, यांवर सौदा होतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांतील एकूण कामगिरीवर विद्यापीठांना मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्याची प्रथा 1956-57 पासून आहे. या करंडकाच्या मागे लागलेली विद्यापीठे तयार खेळाडूंवर डोळा ठेवून असतात. ज्याच्यापाशी साधने आहेत त्याच्याकडे तयार खेळाडू जातो. म्हणून साधनहीन महाविद्यालयाने तयार खेळाडूच्या बाजारात उतरणे हीच मुळात चूक होय. त्याला न घडलेला खेळाडू ओळखावा लागतो. हे काम कितपत साधते व त्याची किंमत कोण भरतो, हे पाहण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

तांबडी माती आणि गादी

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील स्वतः मल्ल होते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण आटोपून हा तरुण कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. महाविद्यालयाने त्यांना शोधून आणले नव्हते. उलट हातचे घालविण्याचीच वेळ आली होती. वार्षिक क्रीडास्पर्धांतील कुस्तीसाठी त्यांनी नाव दिले, तेव्हा क्रीडा शिक्षकांनी त्यांची लहानखुरी चण पाहून नकार दिला. खाशाबा प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि मग आपल्याहून धिप्पाड अशा एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी आसमान दाखविले.

ही हकिगत सांगताना त्या क्रीडा शिक्षकांना हसण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण आजही बहुतेक निवड अशीच होते. शिक्षक देह पाहतो, उंची पाहतो, गतवर्षीचे प्रमाणपत्र पाहतो. ज्या मुलाचा देह अद्याप भरलेला नाही आणि ज्याला स्पर्धेपर्यंत जाण्याचे भाडे परवडले नाही म्हणून प्रमाणपत्रही नाही, तो या चाळणीतून खाली पडतो. श्रीमंत संस्थेला हे परवडते, तिच्या दाराशी रांग असते. गरीब संस्थेजवळ मात्र डोळ्यांखेरीज दुसरे भांडवल नसते, आणि तेही तिने असे वापरले तर तिची उपेक्षा तिनेच ओढवून घेतली असे म्हणावे लागेल. कोल्हापूरच्या प्रसंगातील शिकण्यासारखी बाब म्हणजे अपिलाची सोय. नाकारलेल्या मुलाला वर जाऊन दाद मागता आली आणि वर बसलेल्या माणसाने त्याला आखाड्यात उतरून दाखविण्याची संधी दिली. यासाठी एका पैचाही खर्च आला नाही.

महाविद्यालयापाशी नसले तरी गावापाशी जे होते तेही हिशेबात धरले पाहिजे. कोल्हापूर ही तालमींची नगरी. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पहाटे जोर-बैठकांचा आवाज घुमे. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली तांबडी माती, जोडीला भिडणारे समवयस्क, चूक दाखविणारा वस्ताद, आणि चांगली कुस्ती कोणती हे जाणणारा प्रेक्षक, एवढी सामग्री तेथे होती. खाशाबांना बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. महाविद्यालयाने आखाडा बांधला असता तरी ही परंपरा त्याला बांधता आली नसती. आपल्या भिंतींबाहेर काय आहे याची यादी करणे, हे साधनहीन संस्थेचे पहिले काम ठरते. कोठे नदी असते, कोठे घाट, कोठे एखादी तालीम; रेल्वेच्या वा पोलिसांच्या मैदानाची सकाळची वेळ मागूनही मिळू शकते. ही मागणी करण्यास अनेक प्राचार्यांना संकोच वाटतो, तो का वाटावा हे कळत नाही.

पण येथवरच थांबलो तर चित्र फसवे होईल. 1948 च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला पोहोचल्यावर त्यांच्यापुढे आली ती गादी. मातीत पाय रुततो, पकड बसते, कुस्ती लांबते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली म्हणजे निकाल लागतो. गादीवर पाय सुटा राहतो, हालचालीला वेग लागतो. घड्याळ चालू असते आणि प्रत्येक डावाचे गुण मोजले जातात. ज्या मल्लाचे सारे आयुष्य मातीत गेले त्याला या पृष्ठभागाची व नियमांची ओळख जागतिक स्पर्धेच्या तोंडावर करून घ्यावी लागली. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. हे यश लहान नव्हते. परंतु परदेशी मल्लाच्या काही दिवसांच्या शिकवणीने एवढा फरक पडत असेल, तर घरी चार वर्षे गादी मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न टाळता येत नाही. साधनांवाचून खेळाडू घडतो हे खरे. मात्र तो एका ठराविक पायरीपर्यंत घडतो, आणि त्या पायरीच्या पुढे साधनांचा अभाव दामदुप्पट वसुली करतो. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती व गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात आणि दोहोंचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. ही व्यवस्था पाहिली म्हणजे या दोन पृष्ठभागांचा संसार एकत्र लावणे किती अवघड गेले याची कल्पना येते.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी अडचण निराळीच आली. निवडीत आपल्यावर अन्याय झाल्याची खाशाबांची भावना होती; त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, चाचणी कुस्ती झाली आणि निरंजन दास यांना चीत करून त्यांनी आपला हक्क सिद्ध केला. लहानखुऱ्या चणीच्या या माणसाला आयुष्यात दोनदा, एकदा महाविद्यालयात व एकदा देशाच्या संघासाठी, वरच्या दरवाजावर थाप मारून आत यावे लागले. त्यानंतर पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ज्यांच्या महाविद्यालयात ते शिकले त्या बॅ. बाळासाहेब खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले, जपानच्या शोहाची इशी व सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते पराभूत झाले, आणि 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

नॅशव्हिलची धावपट्टी

साधनांच्या समृद्धीबद्दल प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतही याच प्रश्नाचे एक अतिशय बोलके उदाहरण आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले टेनेसी स्टेट हे विद्यापीठ. वंशभेदाच्या त्या काळात अशा संस्थांना सरकारी पैसा हात आखडून दिला जाई. तेव्हा तेथील साधनांची वानवा हा दैवाचा खेळ नव्हता, ते एक धोरण होते. त्याच विद्यापीठात शिकून पदवीधर झालेल्या एड टेंपल यांच्याकडे 1950 च्या सुमारास मुलींच्या धावण्याच्या संघाची जबाबदारी आली. ते समाजशास्त्र शिकवीत, विद्यापीठाच्या आवारातील टपालघर सांभाळीत आणि उरलेल्या वेळात संघाला शिकवीत. धावपट्टी म्हणजे आखणी नसलेली, खाचखळग्यांची माती. मुलींना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. विद्यापीठात रोज काही तास काम करून त्यांनी फीचा भार हलका करावयाचा. स्पर्धांना जावयाचे ते मोटारीने, शिदोरी बरोबर घेऊन, कारण वाटेवरील उपाहारगृहांत त्यांना प्रवेश नसे.

टेंपल यांची निवडीची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलच्या सामन्यांना जात, पंच म्हणूनही काम करीत. असल्याच एका सामन्यात त्यांना एक उंच, सडपातळ मुलगी दिसली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या पायाला कितीतरी वर्षे आधारपट्टी लावावी लागली होती. हीच विल्मा रुडॉल्फ. टेंपल यांनी तिला महाविद्यालयात बोलावले नाही, कारण ती अजून शाळेत होती. त्यांनी तिला उन्हाळी शिबिराला बोलावले. शाळेतील मुली सुटीत विद्यापीठात येऊन राहत, मोठ्या मुलींबरोबर धावत, हरत, पुन्हा धावत. पुढे प्रवेश घेण्याची वेळ येई तेव्हा ते आवार त्यांना परके राहिलेले नसे. धावपट्टीवरील खड्डे त्यांच्या ओळखीचे झालेले असत, आणि त्याच खड्ड्यांतून धावून ऑलिंपिकला गेलेल्या मुलीही. विल्माने 1956 मध्ये शाळेत असतानाच मेलबर्न येथे रिले शर्यतीत कांस्यपदक मिळविले. 1960 मध्ये रोम येथे तिने तीन सुवर्णपदके जिंकली. त्यांपैकी रिलेच्या सुवर्णपदकात धावलेल्या चारही जणी टेनेसी स्टेटच्याच होत्या. वायोमिया टायस ही जॉर्जियातील मुलगीही अशाच उन्हाळी शिबिरातून पुढे आली. तिने 1964 व 1968 अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकले, जे तिच्यापूर्वी कोणालाही, पुरुषालाही, साधले नव्हते.

टेंपल यांच्या हाताखालून चाळीस मुली ऑलिंपिकपर्यंत गेल्या व तेवीस पदके घेऊन आल्या. या आकड्यांपेक्षाही पालकांना पटणारा आकडा दुसराच होता. त्या चाळीसजणींपैकी एखादा अपवाद वगळता सर्वांनी पदवी संपादन केली. मुलगी चार वर्षांनी हाती काय घेऊन घरी येईल, याचे उत्तर टेंपल यांच्यापाशी तयार होते, आणि गरिबाघरच्या आईबापांना स्टेडियमच्या खुर्च्यांपेक्षा या उत्तराशी अधिक कर्तव्य असते.

मात्र टेंपल यांच्या यशाला आणखी एक कारण होते व ते नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कृष्णवर्णीय मुलींना धावण्यासाठी बोलावणारे दुसरे फारसे कोणी नव्हतेच. 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींनाही क्रीडाक्षेत्रात समान संधी देणे भाग पडले. त्यानंतर मोठमोठी विद्यापीठे शिष्यवृत्त्यांच्या थैल्या घेऊन त्याच गावांत व त्याच शाळांत पोहोचू लागली. मुलींच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. टेनेसी स्टेटची मक्तेदारी मात्र संपुष्टात आली. ज्या क्षेत्राकडे कोणी पाहत नाही तेथेच गरीब संस्थेला हात मारता येतो, आणि इतरांची दृष्टी तिकडे वळली की तिला नवे क्षेत्र शोधावे लागते. विद्यापीठाला चांगली धावपट्टी लाभली तीही उशिरा; 1978 मध्ये तिला टेंपल यांचेच नाव देण्यात आले.

खेळ कोणता निवडावा

हे नवे क्षेत्र म्हणजे पुष्कळदा नवा खेळ असतो. सर्वच खेळांना सारखी साधने लागत नाहीत, ही गोष्ट उघड असूनही महाविद्यालये तिचा विचार करीत नाहीत. क्रिकेटचा संघ असलाच पाहिजे असे मानले जाते व सर्व पैसा खेळपट्टीच्या जाळ्यांत जातो. याउलट मल्लखांबाचे पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्याचे पुनरुज्जीवन केले त्या व्यायामप्रकाराला पुरलेला एक लाकडी खांब, थोडे तेल आणि खाली मऊ जमीन पुरते. दोरीचा मल्लखांब असेल तर खांबाचीही गरज नाही. छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात मनोज प्रसाद या पोलीस दलातील जवानाने अबूझमाडच्या आदिवासी मुलांना मल्लखांब शिकविण्यास आरंभ केला. त्यांतून उभ्या राहिलेल्या अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या मुलांनी 2023 मध्ये दूरचित्रवाणीवरील एक देशव्यापी कलास्पर्धा जिंकली. महाराष्ट्राच्या मातीतला हा व्यायाम बस्तरच्या अरण्यात रुजला तो खांब स्वस्त होता म्हणून, आणि शिकविणारा तेथे राहावयास तयार होता म्हणून.

शिकविणारा कोठून येतो हा प्रश्न येथे ओघानेच उपस्थित होतो. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली हे प्रसिद्ध आहे. परंतु व्यायामशिक्षक तयार करणे हे त्याचे कार्य त्याहून टिकाऊ ठरले. 1956 पर्यंत रायपूर, नागपूर व अमरावती ही शहरे एकाच राज्यात होती व शिक्षकांचे येणेजाणे सहज चाले. प्रांतांच्या सीमा बदलल्या. तरी रायपूरच्या एखाद्या महाविद्यालयाला कुशल शिक्षक हवा असेल तर अमरावती आजही तितकीच जवळ आहे.

धावण्याचे क्षेत्र असेच. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिच्या पाड्यावर धावपट्टी नव्हती, चढउतार मात्र विपुल होते. नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांची दृष्टी तिच्यावर पडली आणि तिच्या धावण्याला वळण मिळाले. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक तिने मिळविले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर ही मूळची खो-खोची खेळाडू. ती 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. खो-खोच्या मैदानावर मुलींचा पाठलाग बारकाईने पाहणाऱ्याला उद्याची धावपटू ओळखता येते. एका खेळात दिसलेला गुण दुसऱ्या खेळासाठी हेरणे, हे टेंपल यांनी बास्केटबॉलच्या सामन्यात केले आणि माणदेशातही घडले.

पण स्टीपलचेसच्या शर्यतीत पाण्याचा खड्डा असतो, पक्के अडथळे असतात, आणि ते खेड्यातील शाळेत नसतात. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला नसता तर या शर्यतीपर्यंत पोहोचला असता की नाही, शंकाच आहे. महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर त्याच्या धावण्याला दिशा मिळाली. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक जिंकले व 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने तर 2012 मध्ये सैन्यात गेल्यावरच नौकानयनाचे वल्हे प्रथम हाती घेतले, आणि चार वर्षांत तो रिओला एकेरी नौकानयनात तेरावा आला. दुष्काळी मुलखात वाढलेल्या मुलाला हा खेळ घरी दिसणेही शक्य नव्हते. सैन्याने त्याच्यात काय पाहिले? उंची, खांद्यांची रुंदी, कष्टाची सवय. आणि काय दिले? दोन वेळचे सकस अन्न, पगार, सरावासाठी मोकळा वेळ, प्रशिक्षक, व शेवटी बोट.

या क्रमाकडे महाविद्यालयांनी लक्ष द्यावयास हवे. बोट शेवटी येते. त्याआधी अन्न येते. खेड्यातून आलेला, मैल दोन मैल चालत वा सायकल हाकीत महाविद्यालय गाठणारा मुलगा सकाळच्या सरावानंतर उपाशीपोटी तासाला बसत असेल, तर त्याला कृत्रिम धावपट्टी देऊनही फारसा उपयोग होत नाही. खानावळीत त्याच्या नावावर दूध, अंडी, उसळ यांची सोय करणे स्टेडियमच्या मानाने नगण्य खर्चाचे आहे. स्पर्धेच्या दिवसांत बुडालेल्या तासांची भरपाई, परीक्षा व स्पर्धा एकाच दिवशी आल्यास दुसरी तारीख, दुखापत झाल्यास डॉक्टरची फी, या गोष्टी प्राचार्यांच्या एका सहीने होतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी कोणती स्पर्धा ग्राह्य धरतात, कोणते प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते, हे मुलाला पहिल्याच वर्षी समजावून सांगणारा माणूस महाविद्यालयात असावा. कितीतरी खेळाडूंचे नुकसान मैदानाअभावी होते तितकेच हरवलेल्या कागदामुळेही होते.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. खेळाडूला व त्याच्या पालकांना भेटावयास गेलेल्या शिक्षकाने मैदानाबद्दल काय सांगावे? पुढील वर्षी धावपट्टी होणार आहे, नकाशे मंजूर झाले आहेत, असे सांगण्याची पद्धत आहे. मुलगा तीन वर्षे नकाशाच पाहतो. त्याच्या मागून येणारे त्याच्याकडूनच खरे काय ते ऐकतात, आणि त्या गावातून त्या महाविद्यालयाकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. खड्डे आधीच दाखवावेत हे बरे. दाखविताना, या खड्ड्यांतून कोणत्या उंचीपर्यंत जाता येईल आणि तेथून पुढे त्याला कोठे पाठविण्याची तजवीज केली आहे, हेही सांगावे. ही दुसरी गोष्ट सर्वांत कठीण असते, कारण स्वतः घडविलेला खेळाडू अधिक चांगल्या संस्थेच्या हाती सोपविण्यास फार मोठे मन लागते. करंडकावरील नाव मग दुसऱ्याचे कोरले जाते.

आणि एवढे करूनही कोणाला तरी पदरमोड करावीच लागते. टेंपल यांची ती वर्षानुवर्षे चालू होती. खर्डेकरांची एका दस्तऐवजावर होती व तिला व्याज होते. संस्थेची उणीव एका माणसाच्या घरावर येऊन पडावी, ही गोष्ट गौरवाने सांगितली जाते, आणि खर्डेकर गौरवास पात्र आहेतच. परंतु ज्या व्यवस्थेला ऑलिंपिकच्या प्रवासासाठी प्राचार्याच्या घराचा आधार घ्यावा लागला तिच्याविषयी मात्र त्या गौरवात कोणी बोलत नाही.

हेलसिंकीहून खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडला दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे 1955 मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. पण मिरवणूक संपल्यावर त्यांनी पहिले काम केले ते कुस्त्यांची मैदाने भरविण्याचे. त्यांत ते स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवून दिले.